विश्वामित्रीच्या काठी राहताना: आपत्तीसाठी शरीर आणि हात कसे तयार करावेत

बडोद्यात नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्या पावसाळ्यात एक गोष्ट चमत्कारिक वाटते. दोन दिवस कोसळून पाऊस थांबलेला असतो, लख्ख ऊन पडलेले असते, आणि तरीही शेजारची मंडळी स्कूटर ढकलत ओट्यावर चढवीत असतात. त्यांना ठाऊक असते की विश्वामित्री पावागडाच्या डोंगरातून येते, वाटेत तिला नाले आणि आजवा सरोवरातून सोडलेले पाणी मिळते, आणि वरच्या अंगाला पडलेला पाऊस शहरात पोचायला काही तास लागतात. त्यामुळे आपल्या गच्चीवरचा पाऊस थांबला म्हणजे संकट टळले, असा हिशेब या गावात चालत नाही. २०२४ साली गोकुळाष्टमीच्या सुमारास आलेल्या पुरात शहरातला पाऊस ओसरल्यावरही पाणी चढतच होते.

त्याच पुरात माझ्या वृद्ध मामांना समा भागातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून खाली आणण्याचा प्रसंग आला. वीज गेलेली, लिफ्ट बंद, जिन्यात अंधार. प्लास्टिकच्या खुर्चीत त्यांना बसवून आम्ही तिघांनी खुर्ची उचलली आणि पहिल्याच वळणावर माझी बोटे सुटली. दम लागला नव्हता, पाठही दुखत नव्हती, पकडच संपली. शेजारच्या मुलाने वेळेवर हात दिला म्हणून निभावले. घरात त्या वेळी दोन चांगल्या बॅटऱ्या, नायलॉनचा दोर आणि औषधांची पेटी असे सगळे होते, पण ते वापरणारे हात तयार नव्हते. म्हणून या लेखात नेहमीचा क्रम उलटा घेतला आहे: आधी घराची पातळी, मग शरीर, मग हातांची कौशल्ये, आणि खरेदी करायच्या वस्तू अगदी शेवटी.

पहिली पायरी: आपल्या घराचा आकडा काढणे

विश्वामित्रीची पातळी काळा घोडा येथील पुलाजवळ फुटांत मोजली जाते आणि तेथे २५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्याही वर गेली होती. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात २४ तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा नदीइतकेच आकाशातले पाणीही नडले. हे सार्वजनिक आकडे झाले. नवख्या माणसाला त्यांतून स्वतःच्या घराचा आकडा काढायचा असतो, म्हणजे नदी किती फुटांवर गेली की आपल्या फाटकाशी पाणी येते, किती फुटांवर तळमजल्याच्या खोलीत शिरते आणि किती फुटांवर रस्ता पूर्ण बंद होतो.

हा आकडा कोणत्याही कार्यालयात मिळत नाही, तो शेजाऱ्यांकडून मिळवावा लागतो. गल्लीत वीस-तीस वर्षे राहिलेल्या एखाद्या आजींना विचारले, तर त्या २०१९ साली पाणी कितव्या पायरीपर्यंत होते आणि २०२४ साली कितव्या, हे बोटाने दाखवतात. पुष्कळ भिंतींवर त्या पाण्याचा डाग अजूनही दिसतो. अशा दोन-तीन घरांत विचारून ते माप टेपने मोजावे, वहीत लिहावे आणि त्यासमोर त्या दिवसाची नदीची पातळी त्या काळच्या वर्तमानपत्रांतून शोधून मांडावी. मग तीन निर्णय आधीच लिहून ठेवता येतात: अमुक पातळीला वाहने उंचावर नेऊन ठेवायची, अमुक पातळीला तळमजल्यावरचे धान्य आणि कागदपत्रे वर चढवायची, आणि अमुक पातळीला घरातली वृद्ध माणसे नातेवाइकांकडे पोचवायची. हा शेवटचा निर्णय कोरड्या रस्त्यावरून अमलात आणण्यासाठीच घेतलेला असतो. पाणी घोट्याला लागल्यावर त्यावर चर्चा सुरू करणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि त्यांतले एक माझेच होते.

मांडवी, दांडिया बाजार, रावपुरा या जुन्या वस्तीत राहणाऱ्यांना हे वाचून आपला संबंध नाही असे वाटण्याची शक्यता आहे, कारण गावाचा हा भाग तुलनेने उंचावर आहे. परंतु तुमचे नातेवाईक समा, फतेगंज, अकोटा किंवा वडसर भागात असतील, तर ते ज्या घरी आश्रयाला येतील ते घर तुमचे असेल. आठ माणसांचे पाणी आणि अंथरूण यांचा विचार त्यामुळे तुम्हालाही करावा लागेल.

याच वहीच्या पहिल्या पानावर क्रमांक लिहावेत: सर्वसाधारण आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमनासाठी १०१, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ आणि गॅसगळतीसाठी १९०६. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची सहावी बटालियन जरोद येथे, म्हणजे बडोद्याच्या अगदी जवळ आहे. तरीही शहर एकदम बुडते तेव्हा नावा मोजक्या आणि हाका हजारो असतात, हे लक्षात घेऊन पहिले दोन दिवस आपल्याच बळावर काढायचे, असे धरून चालावे.

दुसरी पायरी: बारा आठवड्यांत शरीर

बडोद्यात पाऊस साधारण जूनच्या उत्तरार्धात स्थिरावतो, म्हणून शरीराची तयारी मार्चच्या शेवटी सुरू करावी. चाळिशीच्या पुढच्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

सुरुवातीला स्वतःची परीक्षा घ्यावी, आणि ती प्रामाणिकपणे घ्यावी. सपाट रस्त्यावर तासाभरात पाच किलोमीटर चालता येते का? तीन मजले न थांबता चढून वर गेल्यावर पूर्ण वाक्य बोलता येते का? जमिनीवर मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठता येते का? दहा लिटर पाण्याची बादली एका हातात धरून शंभर पावले जाता येते का? दाराच्या चौकटीला किंवा बागेतल्या आडव्या दांडीला वीस सेकंद लोंबकळता येते का? पाचांपैकी जे जमत नाही ते वहीत लिहावे, कारण पुढचा व्यायाम त्यावरून ठरतो. नियमित फिरायला जाणारी पुष्कळ माणसे पहिल्या दोन परीक्षांत उत्तम उतरतात आणि शेवटच्या दोनमध्ये सपशेल नापास होतात.

पहिल्या तीन आठवड्यांत दररोज अर्धा तास चालावे आणि दिवसाआड बैठका, सूर्यनमस्कार व जमिनीवरून उठण्याचा सराव करावा. बैठका दहापासून सुरू करून आठवड्याला पाच वाढवल्या तरी पुरते. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर बसून उठणे हीच बैठक समजावी. चौथ्या आठवड्यापासून ओझे आणावे. पाठीवरच्या पिशवीत आधी पाच किलो तांदूळ घालून जिना चढावा आणि उतरावा, मग हळूहळू ते वजन आपल्या वजनाच्या सातव्या-आठव्या हिश्श्यापर्यंत न्यावे. चढण्यापेक्षा उतरण्याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण पुरात सामान वर न्यायचे असते, पण माणूस खाली आणायचा असतो, आणि ओझ्यासह उतरताना गुडघा व घोटा यांवर जो ताण येतो त्याची सवय केवळ चढण्याने होत नाही.

पकड ही सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट आहे, म्हणून तिच्यावर थोडे सविस्तर लिहितो. आपल्या आज्या विहिरीतून पाणी शेंदत, जात्यावर दळत, जाड लुगडी पिळत. त्यांच्या बोटांना वेगळा व्यायाम लागत नसे. आज आपण भाजीची पिशवीसुद्धा स्कूटरच्या हुकाला अडकवतो. पकड परत मिळवण्याचा स्वस्त मार्ग असा: दोन हातांत दोन बादल्या घेऊन गच्चीवर फेऱ्या माराव्यात, आधी अर्ध्या भरलेल्या, मग पूर्ण, भिजवलेली जाड चादर दोन्ही दिशांनी पिळावी, आणि दांडीला लोंबकळण्याचा वेळ दर आठवड्याला पाच सेकंदांनी वाढवावा. नळाच्या पाण्याच्या जागी बाजारात मिळणारा वीस लिटरचा जार भरलेला असतो तेव्हा वीस किलोहून थोडा जड असतो, आणि तो धरायला धड मूठही नसते. तो जार तीन मजले वर नेता येणे, हे माझ्या मते बडोद्यातल्या निरोगी तरुण माणसाने गाठावे असे योग्य उद्दिष्ट आहे. साठीच्या पुढच्यांनी तेच पाणी पाच-पाच लिटरच्या कॅनमधून चार खेपांत नेले तरी काम तेच होते.

या गावात मल्लविद्येची आणि तालमीची परंपरा मोठी आहे. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे आणि तेथील प्रा. माणिकरावांचे नाव जुन्या बडोदेकरांच्या घरांत आजही निघते. ज्याला शक्य आहे त्याने एखाद्या आखाड्यात सहा महिने मल्लखांब किंवा जोर-बैठका शिकाव्यात. दोराला धरून स्वतःचे वजन पेलण्याची जी जाण मल्लखांबाने येते ती यंत्रांच्या व्यायामशाळेत येत नाही. हे थोडे पक्षपाती मत आहे, पण खुर्चीच्या प्रसंगानंतर ते अधिक पक्के झाले आहे.

शेवटच्या चार आठवड्यांत माणूस उचलण्याचा सराव करावा, आणि तो दोघा-तिघांनी मिळून, दिवसाउजेडी, आधी सपाट जागेवर करावा. लहान मूल पाठकुळी घेऊन दोन्ही हात मोकळे राहतील अशी चादर बांधता यावी. मोठ्या माणसाला मजबूत खुर्चीत बसवून, त्याचे तोंड उतरण्याच्या दिशेला ठेवून, एकाने पाठीचा भाग आणि दुसऱ्याने पुढचे पाय धरावेत. तिसऱ्याने पुढे राहून पायऱ्या मोजत जावे आणि वळणावर थांबा म्हणावे. खुर्ची लाकडी किंवा लोखंडी घ्यावी, प्लास्टिकची नको; तिचे पाय ओल्या हातात वळतात, हे मी अनुभवाने सांगतो. ज्याला उचलायचे आहे त्या वृद्धाला आधी विचारावे आणि सरावात सामील करून घ्यावे, कारण घाबरलेला माणूस आधारासाठी कठडा पकडतो आणि सगळ्यांचा तोल जातो.

घरातल्या वृद्धांसाठी वेगळा आणि छोटा कार्यक्रम असावा: भिंतीजवळ उभे राहून एका पायावर दहा सेकंद, खुर्चीतून दहा वेळा उठणे, रोज दहा पायऱ्या. ज्या आजी स्वतः एक मजला उतरू शकतात त्या तीन माणसांना दुसऱ्या कामासाठी मोकळे करतात.

उन्हाचा विचार याच पायरीत करावा. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो आणि नेमकी तेव्हाच वीज गेली, तर पंख्याविना घर ही स्वतःच एक आपत्ती असते. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून वातानुकूलित खोलीत दिवस काढणाऱ्याने एप्रिलमध्ये सकाळी लवकर, थोडा थोडा वेळ बाहेर व्यायाम करून ती सवय लावून घ्यावी. दुपारी व्यायाम करू नये. घाम गेल्यावर किंवा जुलाबात द्यायचे घरगुती द्रावण असे करावे: एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा असावा, आणि मीठ अंदाजाने वाढवू नये. ऊन लागलेला माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. १०८ ला फोन करून, मदत येईपर्यंत त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे व वारा घालावा, आणि शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये.

तिसरी पायरी: पाण्याशी ओळख, आणि पाण्यापासून अंतर

१८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात नाव उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका अशा १४ जणांचा मृत्यू झाला. शांत, बांधलेल्या काठांच्या तलावातही पाणी किती लवकर जीव घेते, हे या शहराने तेव्हा पाहिले. त्यानंतर तरी प्रत्येक मराठी घराने मुलांना पोहणे शिकवायला हवे होते, आणि नावेत पाय ठेवण्यापूर्वी लाइफ जॅकेट अंगावर बांधून घेण्याचा हट्ट धरायला हवा होता.

लालबागेसारख्या महापालिकेच्या तरणतलावांत उन्हाळी वर्ग असतात तेव्हा नाव घालावे. आपत्तीच्या दृष्टीने पहिले उद्दिष्ट वेगाने पोहणे हे नाही. पाठीवर पडून, चेहरा वर ठेवून, पाच मिनिटे तरंगता येणे हे आहे. दुसरे उद्दिष्ट, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, अंगावर साधे कपडे असताना तेच करणे. ज्याला हे जमते तो गडबडून हातपाय मारत नाही आणि त्याला ओढून काढणे सोपे जाते.

मात्र पोहता येणाऱ्या माणसानेही पुराच्या वाहत्या पाण्यात उतरू नये. वाहते पाणी १५ सेंटिमीटर खोल असले तरी मोठ्या माणसाचा पाय उचलते, आणि ३० सेंटिमीटर पाण्यात छोटी मोटार तरंगू लागते. शिवाय खाली उघडे मॅनहोल, विजेची तार, काच, काहीही असू शकते. जाणे टळतच नसेल तर साचलेल्या, न वाहणाऱ्या पाण्यातून, पायांत बंद बूट घालून, हातातल्या काठीने पुढची जमीन चाचपत, पाऊल न उचलता घासत जावे. बुडणाऱ्याला मदत करताना आधी ओरडून माणसे जमवावीत, मग काठावर पालथे पडून काठी किंवा चादर पुढे करावी, किंवा दोराला बांधलेला रिकामा, घट्ट झाकणाचा पाच लिटरचा कॅन फेकावा. तो कॅन नेमका फेकणे दिसते तितके सोपे नाही. आत थोडेसे पाणी ठेवले तर तो वाऱ्याने भरकटत नाही. मैदानात वीस वेळा फेकून पाहावा.

आता मगरींविषयी. भारतातल्या दुसऱ्या कोणत्याही मोठ्या शहरातल्या मार्गदर्शकाला हा परिच्छेद लिहावा लागत नसेल. विश्वामित्रीत मगरी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि २०२५ साली झालेल्या गणनेत नदीच्या पात्रात चारशेहून अधिक मगरी मोजल्या गेल्या. पुराच्या वेळी त्या वस्तीत येतात, कारण प्रवाह त्यांनाही नकोसा होतो आणि त्या थाऱ्याची जागा शोधतात. ऑगस्ट २०२४ मध्ये वस्त्यांतून वीसहून अधिक मगरी पकडून हलवाव्या लागल्या. म्हणून गढूळ पाण्याच्या कडेला उभे राहू नये, रात्री फाटक उघडण्यापूर्वी आवारात बॅटरीचा झोत फिरवावा, आणि पाणी उतरल्यावर मोटारीखाली, झुडपात व डबक्यात आधी काठीने नव्हे, लांबून डोळ्यांनी पाहावे. मगर दिसली तर मुलांना आत घेऊन वनविभागाला किंवा ११२ ला कळवावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार ती संरक्षित आहे, त्यामुळे तिला डिवचणे जितके मूर्खपणाचे तितकेच बेकायदेशीरही आहे. मोबाइलवर चित्रफीत काढण्यासाठी जवळ जाणाऱ्यांना दुसरा शब्द मला सुचत नाही.

चौथी पायरी: हातांनी करायची कामे

ही कौशल्ये वाचून येत नाहीत. ती डोळे मिटून करता येईपर्यंत करावीत. डोळे मिटून हे शब्दशः घ्यावे, कारण प्रत्यक्ष वेळी दिवे नसतात.

पहिले काम विजेचे. घराचा मुख्य स्विच कोठे आहे हे घरातल्या दहा वर्षांच्या पुढच्या प्रत्येकाला माहीत असावे, आणि प्रत्येकाने तो अंधारात चाचपडत जाऊन एकदा तरी बंद केलेला असावा. विजेची गळती झाल्यास प्रवाह तोडणारे उपकरण स्विचच्या पेटीत बसवले आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे, आणि त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. पाणी घरात शिरण्याच्या आधी स्विच बंद करायचा. पाण्यात उभे राहून नाही. कोणाला शॉक लागून तो चिकटला असेल, तर त्याला हात न लावता आधी प्रवाह बंद करावा.

गॅसचा रेग्युलेटर बंद करून काढता यावा आणि सिलिंडरवर टोपी बसवता यावी. सिलिंडर पाण्यात तरंगतो, म्हणून तो खिडकीच्या गजाला बांधावा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास आल्यास कोणतेही बटण, दिव्याचेसुद्धा, चालू अथवा बंद न करता खिडक्या-दारे उघडून बाहेर पडावे.

त्या बांधण्यावरून गाठींचा विषय येतो. आपल्याकडे सुरगाठ आणि निरगाठ हा भेद म्हणीपुरता उरला आहे. ओढताच सुटणारी सुरगाठ सामानाच्या पिशवीला ठीक. पण माणसाच्या कमरेला ती कधीही बांधू नये, कारण ती एक तर सुटते किंवा फासासारखी आवळते. कमरेभोवती बांधल्यावर न आवळणारी आणि न सुटणारी गाठ स्काउटमध्ये बोलाइन या नावाने शिकवतात. घरात स्काउटला गेलेले एखादे मूल असेल तर त्याला गुरू करावे. मला ती माझ्या भाचीने शिकवली, आणि पाठीमागे हात नेऊन बांधून दाखवल्याशिवाय तिने मला उत्तीर्ण केले नाही.

रक्तस्रावावर पहिला उपाय म्हणजे दाब. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून दोन्ही तळव्यांनी, सरळ कोपरांनी, सलग दहा मिनिटे दाबावे. मध्येच उचलून रक्त थांबले का ते पाहण्याचा मोह आवरावा. कापड भिजले तर त्यावर दुसरे ठेवावे.

हृदय बंद पडल्यास छातीवर दाब देण्याची क्रिया, म्हणजे सीपीआर, ही मात्र प्रशिक्षकाकडूनच पुतळ्यावर शिकावी. तोपर्यंत निदान इतके लक्षात असावे: हाक मारून व खांदे हलवून प्रतिसाद नसेल आणि श्वास नेहमीसारखा चालत नसेल, तर १०८ ला फोन लावून, माणसाला कठीण जमिनीवर उताणे झोपवून, छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, मिनिटाला १०० ते १२० या लयीत, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबेल इतक्या जोराने दाबत राहावे, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. बुडून काढलेल्या माणसाला श्वास देणेही फार महत्त्वाचे असते, आणि ते शिकण्यासाठीच वर्गाला जायचे. दोन मिनिटांतच करणाऱ्याचे हात भरून येतात, म्हणून दुसऱ्याने जागा घ्यावी. दुसऱ्या पायरीतला व्यायाम येथेही उपयोगी पडतो.

पुरात सापही घरात येतात. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे, वर करकचून दोरी बांधणे यांपैकी काहीही करू नये. अंगठी व बांगड्या काढाव्यात, तो अवयव हातपाय मोडल्यावर बांधतात तसा फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालवू नये आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात थेट न्यावे. साप पकडून बरोबर नेण्याची गरज नाही.

भूकंपाविषयी थोडक्यात. २६ जानेवारी २००१ चा कच्छचा धक्का बडोद्यातही स्पष्ट जाणवला होता. जमीन हलत असताना जिन्याकडे किंवा लिफ्टकडे धावू नये. भक्कम टेबलाखाली बसून, डोके झाकून, टेबलाचा पाय धरून राहावे, आणि थांबल्यावर बाहेर पडावे.

पाचवी पायरी: पाणी, शिधा, पिशवी

पिण्यासाठी आणि जुजबी स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला चार लिटर धरले, तर चौघांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी ४८ लिटर लागतात; वीस लिटरचे तीन जार भरून ठेवले की आलेल्या पाहुण्यांसाठी थोडे उरते. हात-पाय धुण्याचे पाणी वेगळे. पुराचा इशारा मिळताच गच्चीवरची टाकी भरून घ्यावी आणि जमिनीखालच्या टाकीचा पंप बंद करावा, कारण त्या टाकीत पुराचे पाणी शिरते आणि पंप चालू राहिला तर तेच वर चढते. २०२४ साली आमच्या ओळखीच्या एका संपूर्ण इमारतीचे पाणी असेच नासले. संशयास्पद पाणी गाळून, खळखळ उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळावे. इंधन नसेल तर क्लोरिनच्या गोळ्या वेष्टनावरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे.

शिधा असा ठेवावा की शिजवावा लागू नये आणि घरात एरवीही खाल्ला जावा, म्हणजे तो फिरता राहतो: खाखरे, दशम्या, सातूचे पीठ, गूळ-शेंगदाणे, भाजके पोहे. बडोद्याच्या मराठी घरात सुखडीचा डबा बहुधा असतोच.

पिशवीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. आठवडाभराची औषधे व त्यांच्या चिठ्ठ्या, आधार, मालमत्ता आणि विम्याच्या कागदांच्या प्रती दुहेरी प्लास्टिकमध्ये, डोक्याला बांधायची बॅटरी, चार्ज केलेली पॉवर बँक, शिटी, दहा-बारा मीटर दोर, सुटे पैसे, चष्म्याचा जुना जोड, स्त्रियांच्या गरजेच्या वस्तू. भरलेली पिशवी पाठीला लावून तीन मजले उतरून पाहावे, आणि जड वाटली तर काहीतरी काढावे.

सहावी पायरी: पाणी उतरल्यानंतर

जीव वाचवलेली माणसे पुढच्या आठवड्यात आजारी पडतात ती चिखल उपसताना. पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जंतुजन्य ताप पसरतो आणि तो पायांवरच्या लहान जखमांतून शिरतो, म्हणून रबरी बूट व हातमोजे घालूनच सफाई करावी, आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणे किंवा डोळे लाल होणे दिसले, तर पुराच्या पाण्याशी संबंध आल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. प्रतिबंधक औषध त्यांच्याच सल्ल्याने घ्यावे. खिळा लागला तर धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते पाहावे. भिजलेली विजेची उपकरणे सुकली असे वाटले तरी इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय लावू नयेत, आणि मुख्य स्विचही त्यानेच चालू करावा.

सातवी पायरी: तालीम

जूनच्या पहिल्या पंधरवड्यातल्या एका रविवारी, संध्याकाळी अंधार पडल्यावर, घरातला मुख्य स्विच बंद करून घड्याळ लावावे. कोणाला कोणते काम, हे दुपारीच कागदावर लिहिलेले असावे: एकाने गॅस, एकाने कागदपत्रे व औषधे, एकाने आजीबरोबर राहायचे, मुलांनी वही आणि बॅटऱ्या. सर्वांनी ठरलेल्या जागी, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या दारी किंवा गच्चीवर, जमायचे. शेजाऱ्याला आधी सांगून ठेवावे, नाहीतर तो घाबरतो.

आमच्या पहिल्या तालमीत एकवीस मिनिटे लागली. बॅटरीतले सेल गंजलेले निघाले, मामांचा चष्मा सापडेना, आणि मी नेमलेले काम सोडून सगळ्यांना सूचना देत फिरत होतो, असे भाचीने वहीत लिहून ठेवले. जे चुकले ते तिथेच गच्चीवर बसून लिहावे, कोणाला दोष न देता, आणि त्यातली एकच गोष्ट पुढच्या आठवड्यात दुरुस्त करावी. दुसरी तालीम श्रावणात, गोकुळाष्टमीच्या आधीच्या रविवारी ठेवावी. तोपर्यंत नदी भरलेली असते, आजव्याच्या पातळीची बातमी रोज येत असते, आणि घरातली मंडळी मुकाट्याने तयार होतात. तेव्हा खुर्ची बाहेर काढून मामांना बसवावे, आणि या वेळी तिचे पुढचे पाय मी धरावेत असे ठरले आहे.